अमल

कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरचं, म्हणजे पेट्रोल साठतं त्या छोट्या कप्प्याचं, झाकण तीन स्क्रूंनी बसलेलं असतं. दोन निघाले, तिसरा हलेना. त्यावर आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवलं होतं, तरीही. शेवटी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीवर टिचक्या मारत, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करत तो काढला. झाकण सुटलं तेव्हा पेट्रोलचा वास आलाच नाही. आला तो शिळ्या वार्निशचा. आणि तळाशी पांढरी भुकटी. पापडखार सांडावा तशी, बोटाला किंचित खरखरीत लागणारी.

बाबांची बुलेट आमच्या मांगरात सहा वर्षं उभी होती. गाडी १९६६ची. तिला सगळे साडेतीनशे म्हणतात, पण खरं माप ३४६ सीसी: ७० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव. स्ट्रोक एवढा लांब म्हणून तर तो सावकाश पडणारा ठोका. गोळपचा सडा उतरताना बाबा येतायत हे आईला तिठ्यावरूनच कळायचं, आणि ती भाताचं आधण ठेवायची. बाबा गुरांचे डॉक्टर. पावसपासून पूर्णगडपर्यंत कुठल्या गोठ्यात कुठली गाय अडलीय हे त्यांना पाठ, आणि रात्री दोन वाजता कंदील घेऊन कुणी हाक मारली, की पाच मिनिटांत अँमीटरचा काटा मध्यावर आणून, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून ते किक मारत असायचे.

ते गेल्यावर गाडीला कुणी हात लावला नाही. मी एका मार्गशीर्षात लावला.

ती पांढरी भुकटी म्हणजे गंजलेलं जस्त. कार्बोरेटरचं अंग ज्या धातूचं ओततात त्यात बहुतेक सगळं जस्तच असतं. सोबत चार टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम, जरासं मॅग्नेशियम, थोडं तांबं. जर्मन भाषेतल्या या चार नावांची आद्याक्षरं जुळवून त्याला झमाक म्हणतात. ३८०-३९० अंशांना वितळतो, साच्यात पाण्यासारखा शिरतो, बारीकसारीक छिद्रं आणि कोपरे हुबेहूब उचलतो. अशा गुंतागुंतीच्या वस्तूला याहून सोयीचा धातू नाही. पण त्याच्या पोटात पितळेचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोंडं, बसवलेले असतात, आणि आमच्या घरापासून समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. खारी दमट हवा, एका बाजूला पितळ, दुसऱ्या बाजूला जस्त: झाली की बॅटरी तयार. अशा जोडीत नेहमी जस्तच झिजतं.

मिरकरवाड्याच्या जेट्टीवर हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिथे बोट दुरुस्तीला वर ओढली, की पंख्याजवळ, सुकाणूजवळ जस्ताच्या वड्या ठोकलेल्या दिसतात. त्या खाऊन खाऊन मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या झालेल्या असतात. पंखा वाचावा म्हणून वडी खायला घालायची, संपली की नवी ठोकायची. हम्फ्री डेव्हीनं १८२४ साली इंग्रजांच्या आरमारासाठी ही युक्ती काढली. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारत, ते खाऱ्या पाण्यानं जायचे. त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडल्यावर तांबं वाचलं. मात्र तांबं विरघळणं थांबलं तसं त्याचं विषही थांबलं, आणि जहाजांच्या तळाला शेवाळ नि शिंपले मजेत चिकटू लागले. बोटीच्या बाबतीत निदान वडी बदलता येते. कार्बोरेटरमध्ये मात्र जेट शाबूत राहतात आणि खाल्लं जातं ते अंगच. म्हणजे आमच्या गाडीत वडी हीच बोट होती.

अंगावर कोरलेलं नाव: अमल. १९२७ साली इंग्लंडात ॲमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्बोरेटरवाल्यांचं एकत्रीकरण झालं. एकत्रीकरणाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याची पहिली चार अक्षरं उचलून हे नाव ठेवलं. पण शाळेत असताना मला हे माहीत नव्हतं, आणि बाबांनी सांगितलं होतं ते असं, की अमल म्हणजे ज्यात मळ नाही तो. त्यांनी सातवीपर्यंत संस्कृत केलं होतं आणि ते हे अगदी मनापासून सांगायचे. मला तेच बरोबर वाटतं. ज्या वस्तूत केसाएवढी कसपट अडकली तरी माणूस घाटात उभा राहतो, तिचं नाव दुसरं काय असणार?

बाजारात याच्या नव्या नकला मिळतात. आणून बसवली असती तर एका दुपारचं काम होतं. पण टिकलर नावाचं एक बटण असतं, थंड गाडी चालू करायच्या आधी फ्लोट, म्हणजे चेंबरमध्ये पेट्रोलवर तरंगणारी पोकळ डबी, दाबून थोडं पेट्रोल वर आणायला. त्याचं डोकं बाबांच्या अंगठ्यानं एका बाजूला झिजून तिरकं झालंय. मी त्यावर अंगठा ठेवला तर तो आपोआप त्या उतारावर बसतो. ते टाकून द्यायचं मला जमणार नव्हतं.

मिरकरवाड्यात एक चाचा आहेत, सत्तरीच्या पुढचे. आता बोटींची डिझेल इंजिनं करतात, पण तरुणपणी त्यांनी बुलेटच केल्या. मी फडक्यात गुंडाळलेला कार्बोरेटर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भुकटीकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली, तिची धार कार्बोरेटरच्या फ्लँजवर, म्हणजे इंजिनाला टेकतो त्या तोंडावर ठेवली आणि दाराच्या उजेडात धरली. पट्टी दोन्ही कानांवर टेकली होती. मध्ये उजेडाची कोर दिसत होती, द्वितीयेच्या चंद्रासारखी बारीक.

"कोण आवळायचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाबा."

"डॉक्टर? मग बरोबर."

मला आठवलं. गाडी थंड असताना नीट चालू व्हायची. तापली की भाट्याच्या पुलावर ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन खाली यायचं नाही, भुंग्यासारखं घोंघावत राहायचं, मग मध्येच कार्बोरेटरमधून फट् करून मागे खोकायचं. बाबा म्हणायचे, "हवा मारतेय." ते निदान शंभर टक्के बरोबर होतं. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण साडेचौदा ग्रॅम हवा लागते, आणि हे माप सांभाळणं एवढंच कार्बोरेटरचं काम. त्याला न विचारता सांध्यातून हवा आत शिरली, की पेट्रोल कमी पडतं, प्लगचं टोक पांढरं पडतं, इंजिन तापतं. मग संध्याकाळी ओटीवर दिवा घेऊन बाबा फ्लँजचे दोन नट पाव फेरा आवळायचे. दोन-तीन आठवडे बरं वाटायचं. मग पुन्हा तेच.

पण फ्लँज जस्ताची आणि नट दोनच, दोन्ही टोकांच्या कानांवर. मध्ये रबराची ओ-रिंग, आणि कुणीतरी तिच्यावर कागदी पॅकिंगही घातलेलं. म्हणजे मधला भाग जाड, त्याला टेकायला जागा नाही, आणि कान मात्र इंजिनाकडे ओढले जातायत. प्रत्येक पाव फेऱ्याला कान जरासे पुढे यायचे, आणि वरखाली, जिथे नटच नाहीत, तिथे फट जराशी रुंदावायची. फट रुंदावली, की हवा जास्त. हवा जास्त, की बाबा आणखी आवळायचे. असं १९७९ सालापासून, म्हणजे त्यांनी गाडी घेतली तेव्हापासून. अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून वासराचा पाय कुठे मुडपलाय हे डोळे मिटून सांगणारा माणूस. ओढायचं नसतं, आधी मागे ढकलायचं आणि पाय सरळ करायचा, हे इतरांना ओरडून सांगणारा. त्याला इथे ते सुचलं नाही. गाडी लवकर सुरू व्हायला हवी होती, एवढंच त्यात होतं. कुणाच्या तरी गोठ्यात कंदील लावून माणसं वाट बघत असायची.

चाचांनी काम आमच्याच घरी येऊन केलं, कारण त्यांना चूल हवी होती. जस्त थंड असताना ठिसूळ. सरळ करायला जावं तर कान तुटून हातात येतो. पण शंभर अंशांच्या आसपास तेच जस्त मऊ होऊ लागतं. आईच्या जुन्या टोपात पाणी उकळत ठेवलं, त्यात अंग पुरतं तापू दिलं, मग दोन जाड लोखंडी पट्ट्यांमध्ये, कानांखाली पत्र्याच्या पातळ चकत्या ठेवून, व्हाइसमध्ये धरलं. चाचांनी हँडल जेमतेम बोटभर फिरवलं. थांबले. पुन्हा टोपात. पुन्हा बोटभर. दीड तास हेच चाललं. मी मध्ये विचारलं, अजून थोडं फिरवू का, तर त्यांनी मान वर न करता म्हटलं, "तीस वर्षांत वाकलंय बेटा. एका दुपारी सगळं मागू नको." आणि खरंच त्यांनी सगळं मागितलं नाही. कोर अर्ध्याहून कमी झाली तिथे सोडलं. उरलेलं घासून काढायचं होतं.

त्यासाठी काच लागते, कारण घरात काचेइतकं सपाट दुसरं काही नसतं. जुन्या फोटोच्या फ्रेमची जाड काच काढली, तिच्यावर पाण्यानं ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवला आणि फ्लँज त्यावर टेकवून इंग्रजी आठचा आकडा काढत फिरवत राहिले. दाब द्यायचा नाही, वजन स्वतःचंच. दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी अंग अर्धं वळवून धरायचं, नाहीतर हाताच्या सवयीनं एक बाजू जास्त जाते. मग मारुतीला लावतात तो शेंदूर तेलात कालवून दुसऱ्या काचेवर पुसट फिरवायचा आणि त्यावर फ्लँज टेकवायची. जिथे लाल लागलं तिथे उंच, जिथे कोरडं तिथे खोल. पहिल्या दिवशी दोन कानांवर दोन लाल ठिपके. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सलग लाल कडं उमटलं. मी ते कितीतरी वेळ पुसलं नाही.

घासल्यानं ओ-रिंगची खाच उथळ होते, रिंग जास्त वर येते, आणि मग ती चेपायला माणूस पुन्हा नट आवळतो. म्हणून पातळ रिंग शोधून आणली. कागदी पॅकिंग टाकून दिलं.

मधल्या काळात एक चूक मी करणारच होते. आमच्याकडे तांब्यापितळेची भांडी आमसुलानं घासतात, दोन मिनिटांत सोन्यासारखी निघतात. मी कार्बोरेटर रात्रभर आमसुलाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा विचार चाचांना फोनवर सांगितला, आणि ते पहिल्यांदाच चिडले. आंबट पाणी पितळेवरचा काळपटपणा काढतं, पण जस्त त्यात जिवंतपणी विरघळतं. सकाळी भुकटी गेलेली असती आणि सोबत पायलटच्या, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल नेणाऱ्या, बारीक वाटांच्या कडाही. मग जेट तेवढे सोडवून आमसुलात टाकले, आणि अंग केरोसीन, मऊ ब्रश आणि सायकलच्या पंपाची हवा यांनी साफ केलं. पांढरे डाग पूर्ण गेले नाहीत. तळाला देवीच्या वणासारखे खड्डे राहिलेत. ते गळत नाहीत एवढं पाहिलं आणि तसेच ठेवले.

जेटबद्दल मात्र आग्रहानं लिहायचंय, कारण रस्त्यावरच्या गॅरेजात हे मी रोज बघते. जेट तुंबला, की क्लच वायरचा एक तार काढून त्यात घालतात. अमलच्या मेन जेटवरचा आकडा हे भोकाचं माप नव्हे. ठरावीक परिस्थितीत मिनिटाला किती घन सेंटिमीटर द्रव त्यातून जातो, तो हा आकडा. पोलादी तार पितळेच्या आत दोनदा फिरला, की आकडा तोच राहतो आणि जेट बदललेला असतो. आम्ही तंगूस वापरतो. गरीचा, सर्वांत बारीक. तो भोकाला ओरखडत नाही, आणि रत्नागिरीच्या कुठल्याही जाळ्याच्या दुकानात मिळतो.

फ्लोट पितळी होता आणि बुडत होता. गरम पाण्यात धरला तर सांध्यातून मोत्यांच्या सरासारखे बुडबुडे आले. म्हणजे आत पेट्रोल शिरलेलं. ते पूर्ण काढल्याशिवाय त्याला आच दाखवायची नाही, हे कुणी विसरू नये. भोक किंचित मोठं करून, चार दिवस उन्हात पालथा ठेवून, गरम पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून तो रिकामा केला आणि झाळायला गावातल्या सोनारकाकांकडे नेला. फिटर एवढी कथलाची गोळी लावतो की फ्लोट जड होतो. जड फ्लोट खोल बसतो, खोल बसला की पेट्रोल अडवणारी सुई उशिरा बंद होते आणि पेट्रोल वाहतं. सोनारकाकांनी आधी तराजूत तोलला, मग झाळला, मग कानशीनं जास्तीचं कथील काढत पुन्हा तोलला. "दीड गुंज वाढलं," म्हणाले. गुंज म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम. पुन्हा कानस घेतली आणि अर्ध्या गुंजेवर आणलं. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या म्हशीला १९९४ साली बाबांनी वाचवलं होतं, असं म्हणाले. म्हशीचं नावसुद्धा त्यांच्या लक्षात होतं.

एक काम मात्र इथे होण्यासारखं नव्हतं. थ्रॉटलची स्लाइड, जिला आपले फिटर कार्बोरेटरचा पिस्टन म्हणतात, ती इंजिनाच्या ओढीनं सतत एकाच बाजूला घासते, आणि भोक लांबट होतं. आमची हाताला खुळखुळत होती. ती घेऊन सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला गेले. आंबा घाटात धुकं, मांडीवर जेवणाच्या डब्यात कार्बोरेटर. शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं भोक गोल करून घेतलं आणि त्या मापाची पितळी स्लाइड नव्यानं कातली. जुन्या स्लाइडची तिरकी काप तशीच उतरवली, कारण हँडल थोडंसं उघडलं असताना किती हवा जाते हे ती काप ठरवते. फट एका केसाएवढी, फार तर दीड. स्लाइड वरून सोडली तर न अडकता, पण घाई न करता खाली जाते. पितळ जस्तात सुखानं सरकतं. जस्तात जस्त असलं की एकमेकांना खातात.

आताच्या पेट्रोलचंही सांगते. देशभरात १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेच जेट ठेवले तर मिश्रण पातळ पडतं. म्हणून मी स्लाइडमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली घातली. त्यानं सुई वर येते आणि पेट्रोल थोडं जास्त मिळतं. पण खरी काळजी वेगळी आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्या आषाढात तर भिंतीही पाझरतात. पाणी फार झालं, की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं, थेट जस्तावर. साठीच्या दशकात हे अंग ओतणाऱ्याच्या मनात हे कधी आलं नसणार. म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मी कॉक बंद करून चेंबर रिकामं करते. दोन मिनिटांचं काम आहे.

शिमग्याच्या आधी बसवलं. नट हातानं टेकवले, मग आखूड पान्यानं दोन्ही बाजूंना आळीपाळीनं थोडं थोडं. चाचा शेजारी उभे होते. माझा हात पुढे जाऊ लागला तसं त्यांनी नुसतं खाकरलं. टिकलर दाबला, पेट्रोलचा थेंब वर आला, काटा मध्यावर आणला. तिसऱ्या किकला लागली. सांध्याभोवती साबणाचं पाणी सोडलं, ठोका बदलला नाही. गरम होऊ दिली. मग हँडल सोडलं, आणि ती खाली आली. एक, मग एक, मग एक. मध्ये एवढी जागा, की आता बंद पडेल असं वाटावं, आणि पडत नाही. बाबांच्या हातात मी तिला अशी कधीच ऐकली नव्हती.

आई ओटीवर आली, खांबाला टेकून उभी राहिली. "अशीच होती," ती म्हणाली. "आणली तेव्हा. पहिले एक-दोन महिने."

आता पावसाळ्यात गाडी मांगरात असते आणि कार्बोरेटर घरात. पहिल्या वर्षी मी तो तेल लावून, फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. आईनं डबा उघडून बघितला. मिठाच्या बरणीत ती नेहमी तांदूळ घालते, मीठ पाणावू नये म्हणून. तिनं मूठभर तांदूळ तव्यावर कोरडे भाजले, पातळ कापडात पुरचुंडी बांधली आणि डब्यात ठेवली. दर पंधरा दिवसांनी ती पुरचुंडी सोडते, तांदूळ पुन्हा भाजते, गार करते, बांधते. काल श्रावणातलं पहिलं ऊन पडलं. मी कामावरून आले तर डबा ओटीवर उघडा, कार्बोरेटर जुन्या वर्तमानपत्रावर, आणि आत तव्यावर तांदूळ तडतडत होते.